दाखला संपल्यावर

उधळ्या पुत्राचा दाखला भोपाळच्या वर्गात सांगितला की पहिला प्रश्न बहुधा वासराचा येतो. धाकट्या मुलाने बापाकडून वाटणी मागून घेतली, दूर देशी जाऊन ती उडवली, डुकरं राखायची पाळी आली, मग तो घरी परतला. बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली, बोटात अंगठी घातली आणि पुष्ट वासरू कापून मेजवानी दिली. थोरला भाऊ मात्र रागावून आत यायला तयार होईना. इथवर वर्ग शांत असतो. मग चौक बाजाराकडच्या जैन घरातली एखादी मुलगी हात वर करते. मुलगा परत आला, त्यात वासराचा काय दोष? शेजारची ब्राह्मण मुलगी तिला दुजोरा देते. मागच्या बाकावरच्या, शाहजहानाबाद मोहल्ल्यातल्या मुसलमान मुलीला हा प्रश्नच पटत नाही. घरचं माणूस इतक्या वर्षांनी परत आलं तर दावत व्हायलाच हवी. ज्या गोष्टीत चर्चमधल्या लोकांना क्षमा ऐकू येते, तीत आमच्या सहावीच्या वर्गाला आधी हिंसा ऐकू येते, मग पाहुणचार, आणि क्षमा त्यानंतर.

वासरू गाळून नुसती मेजवानी सांगावी, असं काही सहकाऱ्यांनी मला सुचवलं होतं. मी ते गाळत नाही. लूकच्या शुभवर्तमानात दाखला जसा आहे तसा सांगायचा हा माझा नेम आहे. शिवाय वासरासाठी हळहळणारी मुलगी गोष्टीबाहेर गेलेली नसते. ती थेट त्या बापाच्या अंगणात जाऊन उभी असते. अशाच एका मुलीने वर्गाला क्षमावाणीचा दिवस समजावून सांगितला होता. पर्युषण संपल्यावर तिच्या घरी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात, नोकरमाणसांची मागतात, नकळत पायाखाली आलेल्या किडामुंगीचीही मागतात. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मिस, या गोष्टीत मुलगा बापाची क्षमा मागतो. मोठ्या भावाची मागतच नाही.” मी लहानपणापासून हा दाखला ऐकत आले, त्यावरची कितीतरी प्रवचनं ऐकली. थोरला भाऊ कसा कोत्या मनाचा, हे प्रत्येकाने सांगितलं. धाकट्याने त्याच्याशी एक शब्दही बोलल्याचं लूक सांगत नाही, हे मला त्या जैन मुलीने दाखवलं.

माझे वडील नगरचे. साठच्या दशकात हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आजच्या भेलमध्ये, नोकरी लागली म्हणून ते भोपाळला आले आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड झालं. घरात मराठी बायबल आणि ‘उपासना संगीत’, रोज संध्याकाळी ना. वा. टिळकांचं एखादं गीत; दाराबाहेर हिंदी, आणि जुन्या शहरात गेलं की उर्दू. शिकून मी मिशनच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि इतिहासाबरोबर मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आला. आमच्याकडे पद्धत अशी की त्या तासाला ख्रिस्ती मुलं वेगळ्या खोलीत धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात पंचतंत्र असतं, बुद्ध असतो, कबीर आणि गांधीजी असतात, आणि त्यांच्या रांगेत येशूचे काही दाखलेही असतात. दोन्ही खोल्या मी वर्षानुवर्षं सांभाळल्या. तीच गोष्ट एका खोलीत आणि मग दुसऱ्या खोलीत सांगायची, हे काम मला इतकं आवडायला लागलं की बढतीच्या वेळीसुद्धा मी तो तास सोडला नाही.

भोपाळमध्ये येशूचं नाव काही मिशनऱ्यांच्या शाळांबरोबर आलेलं नाही. १८१९ ते १९२६ या काळात इथे चार बेगमांनी राज्य केलं, आणि त्या दरबारात बूर्बाँ नावाचं एक फ्रेंच वंशाचं ख्रिस्ती घराणं मानाच्या जागेवर होतं. त्यातला बाल्थाझार बूर्बाँ शहजाद मसीह या नावाने ओळखला जाई आणि तो राज्याचा मंत्री होता. त्याच घराण्यातल्या दुल्हन साहिबांनी जहांगीराबादेत चर्च बांधलं. मशिदींच्या शहरात मसीह हे नाव परकं नव्हतं. आजही माझ्या वर्गातल्या मुसलमान मुलींना येशूची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या त्याला हजरत ईसा म्हणतात, नावापुढे अलैहिस्सलाम जोडतात, आणि त्याच्या आईबद्दल माझ्यापेक्षा जास्त जिव्हाळ्याने बोलतात. कुराणातला एकोणिसावा सूरा मरियमच्या नावाचा आहे. नाताळाची गोष्ट सांगताना मी गव्हाणीपर्यंत आले की त्यांच्यातली एखादी सांगते की बीबी मरियमला खजुराच्या झाडाखाली कळा सुरू झाल्या, तिने खोड हलवलं आणि ताजे खजूर पडले. हिंदू मुली दोन्ही गोष्टी ऐकतात आणि खजुराची गोष्ट त्यांना अधिक आवडते, कारण तीत बाळंतिणीच्या खाण्याची काळजी आहे.

पण क्रूसाशी आलं की याच मुली थांबतात. हजरत ईसांना सुळावर चढवलंच नव्हतं, अल्लाने त्यांना वर उचलून घेतलं, असं त्या ठामपणे सांगतात. मी त्यांच्याशी वाद करत नाही. ख्रिस्ती लोक काय मानतात ते मी सांगते, त्या काय मानतात ते त्या सांगतात, आणि फळ्यावर दोन्ही राहतं. एका मुलीने मला विचारलं होतं की अल्लाने आपल्या नबीला इतकं दुखू दिलं असतं का? माझ्या श्रद्धेच्या गाभ्यालाच हात घालणारा प्रश्न होता तो, आणि तिने तो येशूच्या प्रेमापोटी विचारला होता. नकार देणारी माणसं येशूचा अव्हेर करतात असं आमच्याकडे सरसकट म्हटलं जातं. या मुलीचा नकार मला अनेकांच्या होकारापेक्षा श्रद्धाळू वाटला.

आता द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्याकडे येते, कारण भोपाळने मला सर्वांत जास्त कुठे शिकवलं असेल तर इथे.

मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दीनार ठरवून मजूर लावतो. पुन्हा नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला एक तास उरला असतानाही जातो. तेव्हा तिथे काही जण अजून उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं तो विचारतो. कुणी कामाला लावलंच नाही, असं ते सांगतात. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार मिळतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

सरकारी नोकरदारांच्या मुलांना हे अन्यायाचं वाटतं आणि ती तसं सांगतात. एका बांधकाम ठेकेदाराचा मुलगा म्हणाला, दुसऱ्या दिवशी सगळे मजूर संध्याकाळी पाचलाच येतील, मग मळा कोण राखणार? भेलमधून निवृत्त झालेल्या एका कामगाराची नात म्हणाली की आजोबा असते तर युनियनकडे गेले असते. वर्गात चांगली खडाजंगी झाली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील रोज सकाळी पीठ्यावर उभे राहत. भोपाळमध्ये मजूर जिथे काम मिळण्याची वाट बघत उभे असतात त्या नाक्याला पीठा म्हणतात. तो म्हणाला, “मिस, वो लोग खाली नहीं खड़े थे.” मग त्याने सांगितलं की वडिलांना काम मिळतं त्या दिवशी ते थकून येतात आणि जेवून झोपतात. काम मिळत नाही त्या दिवशी ते जास्त थकून येतात, कारण दुपार उलटली तरी घरी जाता येत नाही, एखादा कंत्राटदार अजूनही येईल असं वाटत राहतं, आणि बसलं तर कुणी निवडणार नाही म्हणून उभंच राहावं लागतं. शेवटच्या तासाला आलेल्या माणसांनी दिवसभराचं काम केलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. उभं राहण्याचं.

मी या दाखल्यावर विद्वानांची भाष्यं वाचली आहेत. देवाची कृपा हिशेबात मावत नाही, हे त्या सगळ्यांचं सार असतं आणि ते खरंही आहे. पण संध्याकाळपर्यंत उभ्या असलेल्यांच्या पायांविषयी त्यांपैकी कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. त्या मुलाला कृपा वगैरे काही ऐकू आलं नाही. त्याला ऐकू आलं ते हे की त्याच्या बापासारख्या माणसाला त्या धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली.

हाच दाखला मी जुन्या शहरातल्या बायकांनाही सांगितला. युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरापासून काही अंतरावर आम्ही काही शिक्षिका शनिवारी दुपारी शिवणाचा वर्ग चालवत होतो. बायका सगळ्या १९८४ च्या गॅसगळतीने पीडलेल्या घरांतल्या, निम्म्या हिंदू, निम्म्या मुसलमान. मशीनवर हात चालू असताना गोष्टी चालत. त्या रामायणातल्या सांगत, करबल्याच्या सांगत, सासरच्या तर सांगतच. माझ्याकडे मागितली की मी येशूची एखादी सांगे. सगळ्यांना एकच दीनार मिळाला असं मी म्हटलं आणि मशीन थांबल्या.

त्यांच्या डोळ्यांसमोर गॅसगळतीच्या भरपाईचं दावा न्यायालय उभं राहिलं होतं. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने भांडायचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाटप सुरू झालं तेव्हा बहुतेकांच्या हाती पंचवीस हजार रुपये पडले, आणि त्याआधी दरमहा मिळालेले दोनशे रुपये त्यातून वळते झाले. पुढे २००४ च्या आदेशानंतर तेवढेच पुन्हा मिळाले. ज्याची छाती कायमची गेली त्याला पंचवीस हजार, आणि ज्याचे डोळे आठवडाभर चुरचुरले त्यालाही पंचवीस हजार. सगळ्यांना सारखं देणं म्हणजे काय, हे त्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पीठ्यावरच्या मुलाला ज्या समानतेत माया ऐकू आली, तिच्यात यांना सरकारी कारकुनाचा शिक्का ऐकू आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांतल्या वयस्कर बाई म्हणाल्या की तरी त्या मळेवाल्याने विचारलं तरी होतं, का उभे आहात म्हणून. पाच वेळा स्वतः बाजारात आला होता. आमच्याकडे कोण आलं विचारायला?

धनी स्वतः पाच वेळा बाजारात गेला, हे मत्तयाने लिहिलं आहे आणि ते कुणाच्या फारसं ध्यानात राहत नाही. मजुरीची रक्कम सगळ्यांना आठवते.

क्षमेविषयी बोलायचं तर भोपाळपेक्षा कठीण जागा मला माहीत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. शहराच्या छपन्नपैकी छत्तीस वॉर्ड पुढे गॅसबाधित ठरले. वारा दुसरीकडे होता, म्हणून आमची भेलची वसाहत वाचली. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले, त्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळून ते गेले. पुढे ते भारतातल्या कोणत्याही न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत आणि २०१४ मध्ये अमेरिकेत वारले. त्यांच्या त्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत मदर तेरेसा इथे आल्या. त्यांनी इस्पितळांतून फिरून आजाऱ्यांची विचारपूस केली, आणि क्षमा करा असं सांगितलं. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे त्यांनी दुसरं काय सांगितलं असतं, असं आमच्या मंडळीत पुष्कळांना वाटलं. शहरात अनेकांना तेव्हाही राग आला होता आणि पुढेही तो गेला नाही.

शिवणवर्गातल्या बायकांना तो प्रसंग माहीत होता. मदरबद्दल त्या वाईट बोलत नसत. उलट त्यांच्या सिस्टर्सनी अनाथ मुलांसाठी काय केलं ते कृतज्ञतेने सांगत. पण क्षमेच्या दाखल्याला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करणाऱ्या राजाचा दाखला ऐकून एकीने विचारलं, कर्ज कुणाचं होतं? राजाचं. माफ कुणी केलं? राजाने. मग बरोबर आहे. “हमारी माफी तो सरकार ने दे दी.” तडजोडीत कंपनीवरचे फौजदारी खटलेसुद्धा मागे घेतले होते, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा चालू करायला लावले, आणि ७ जून २०१० ला निकाल लागला तेव्हा दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली व त्याच दिवशी जामीन मिळाला. जिचं मूल गेलं तिला कुणी विचारलं नाही. क्षमा ही तिची होती, ती दुसऱ्याने वाटून टाकली. यावर मी काय बोलणार होते? मी पिपलानीची. त्या रात्री आमच्या घरात खोकलासुद्धा नव्हता. ज्याला जखम झालेली नाही त्याने जखमी माणसाला क्षमेचा उपदेश करू नये, हे माझं पक्कं मत त्या वर्गात झालं, आणि शुभवर्तमान वाचताना मला त्याला आधारच मिळत गेला. भावाने अपराध केला तर आधी त्याला दोष दाखव आणि तो पस्तावला तर क्षमा कर, असं येशू शिष्यांना सांगतो. त्यातलं दोष दाखवणं आम्ही प्रवचनातून वगळत आलो आहोत. भोपाळच्या बायकांनी ते वगळलं नाही. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्यासारख्या बायका दिल्लीपर्यंत चालत गेल्या, कंपनीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोष दाखवण्याचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं आहे.

त्या वर्गात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा मागितली जाई, ती जक्कयाची. यरीहोचा हा जकातदार बुटका होता, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला हाक मारून खाली बोलावलं आणि त्याच्या घरी उतरला. गावाला ते आवडलं नाही. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. इथे आल्यावर बायका टाळ्या वाजवत. चौपट! एकीने तर बोटांवर मोजून पंचवीस हजाराचे चौपट किती ते सांगितलं. या माणसाला माफी देता येईल, असं सगळ्यांचं मत पडलं. हिंदू बायकांचं पडलं तसं मुसलमान बायकांचंही पडलं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवता येणार नाही. मध्य प्रदेशात ख्रिस्ती शिक्षिकेने येशूची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका आधीच बसलेली असते. तिला इतिहास आहे. राजधानी नागपूरला होती तेव्हा, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. तो वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. २०२१ मध्ये आणखी कडक कायदा आला, त्यात धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. पालक हे सगळं ऐकून असतात. काहींचा विरोध राजकारणातून येतो, काहींचा निव्वळ आईबापाच्या काळजीतून, आणि दोन्ही एकच समजणं अन्यायाचं आहे.

एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले होते. मुलगी घरी येशूच्या गोष्टी सांगते, हे त्यांना खटकलं होतं. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मी त्यांना तासाला बसायला सांगितलं, आणि ते खरंच बसले. त्या दिवशी चांगल्या शोमरोनीचा दाखला होता. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या माणसाजवळून याजक निघून जातो, लेवी निघून जातो, आणि ज्याच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवत नसत तो शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. तास संपल्यावर ते गृहस्थ थोडा वेळ बसून राहिले. गॅसच्या रात्री ते लहान होते. स्टेशनाच्या बाजूला पळताना आईचा हात सुटला, आणि कुणीतरी त्यांना खांद्यावर टाकून एका ट्रकमध्ये चढवलं. त्या माणसाचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. कोण होता, कोणत्या धर्माचा होता, काही माहीत नाही. त्या रात्री स्टेशनाचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर घरच्यांची खबर नसताना गाड्या पुढे काढत ड्यूटीवर राहिले, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाव न कळलेले असे शेकडो होते. एवढं सांगून ते उठले आणि म्हणाले, गोष्ट चांगली आहे, पण माझ्या मुलीला या तासाला बसवू नका.

मी तसं केलं. ती मुलगी त्या तासाला वाचनालयात बसायची. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने तो हक्क तिच्या पालकांना दिला आहे, पण मला कलमाची गरज वाटली नाही. श्रीमंत तरुणाने सगळं विकून गरिबांना दे हे येशूचं सांगणं ऐकलं आणि तो खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, त्याने अट सैलही केली नाही. ऐकणाऱ्याला निघून जायची मोकळीक नसेल तर ते सांगणं शुभवर्तमान राहत नाही. लालूच किंवा धाक दाखवून कुणाला चर्चमध्ये आणणाऱ्यांनी आमचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कोणत्याही कायद्याने केलेलं नाही. आणि कायद्याचा बडगा दाखवून साध्या प्रार्थनासभा बंद पाडणाऱ्यांनी या देशाचं नुकसान केलं आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन.

आम्हा मराठी ख्रिस्त्यांना तर हे सारं टिळकांच्या घरातच पाहायला मिळालं आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. टिळक डोंगरावरील प्रवचनात रमले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच, आणि जातीचा विचार त्यांच्या मनातून गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. टिळकांना जे कवीच्या हृदयाने भिडलं ते लक्ष्मीबाईंना संसाराच्या अनुभवातून भिडलं, आणि टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. त्याच महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकून येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवलं आणि स्वतः ख्रिस्ती न होता सत्यशोधक समाज काढला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना जाहीर वादात गाठलं. यांपैकी कुणी ऐकलं नाही असं म्हणायचं? विष्णुबुवांनी तर प्रतिपक्षाचा ग्रंथ बारकाईने पाहिल्याशिवाय तो वाद घातलाच नसता.

आमच्याकडे पेरणाऱ्याचा दाखला लोकांची वर्गवारी करायला वापरला जातो, याचं मला दुःख होतं. अमका खडकाळ जमीन, तमका काटेरी, आणि चांगली जमीन अर्थातच आपण. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौल अथेन्सला बोलतो तेव्हा काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटलं, काहींनी विश्वास ठेवला, एवढंच लूक नोंदवतो. थट्टा करणाऱ्यांना तो कसलंही नाव देत नाही.

खरं सांगायचं तर सर्वांत कठीण श्रोते मला धर्मशिक्षणाच्या खोलीत भेटले. आमची ख्रिस्ती मुलं. मी दाखल्याला सुरुवात केली की त्यांना शेवट ठाऊक असतो. थोरला भाऊ का रागावला, असं विचारलं की मत्सर, असं उत्तर एका सुरात येतं आणि विषय संपतो. शेजारच्या खोलीत त्याच प्रश्नावर घंटा होईपर्यंत भांडण चाललेलं असतं. या मुलांचा दोष नाही. आम्ही मोठ्यांनी त्यांना गोष्टीबरोबर उत्तर बांधून दिलं. लूकच्या दाखल्यात थोरला भाऊ शेवटी घरात गेला की अंगणातच उभा राहिला, हे सांगितलेलंच नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच संपते. मी या मुलांना वासराबद्दलचा, धाकट्याने न मागितलेल्या क्षमेबद्दलचा, पीठ्यावरच्या उभ्या माणसांबद्दलचा प्रश्न विचारायला लागले, तेव्हा ती खोलीही बोलायला लागली. एका मुलाने विचारलं की थोरल्या भावाच्या वाटणीचं पुढे काय झालं, कारण उरलेलं सगळं त्याचंच होतं आणि अंगठी त्यातूनच आली. त्याच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे, हे मला नंतर कळलं.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना, आणि मराठी मंडळ्यांत रविवारच्या शाळा चालवणाऱ्यांना, माझी एक विनंती आहे. आपल्या पुस्तकांत प्रत्येक दाखल्याखाली तात्पर्य छापलेलं असतं. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा ती ओळ काढून टाका आणि तिथे मुलाला लिहायला चार ओळींची जागा सोडा. मुलाने काय लिहिलं ते वाचून झाल्याशिवाय तुमचं म्हणणं सांगू नका.